नववीच्या मुलीच्या ताटात काय आहे?

सरकारच्या हिशेबाने गरिबाच्या लेकराला भूक लागते ती फक्त पहिली ते आठवीपर्यंत. नववीच्या वर्गात पाऊल पडले की भूक संपली! शालेय पोषण आहार योजनेला २०२१ साली 'पीएम पोषण' असे नवे नाव मिळाले, पाट्या रंगल्या, परंतु खिचडीचे पातेले जिथे होते तिथेच, म्हणजे आठवीच्या दारातच थांबले. गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी पाचवी ते दहावीची हायस्कुले असतात. मधल्या सुट्टीची घंटा झाली की एकाच आवारात सातवी-आठवीची मुले ताटे घेऊन ओळीने बसतात आणि नववी-दहावीची मुले आपापला डबा उघडतात. ज्यांच्याकडे डबा नसतो ती पाण्याच्या टाकीकडे वळतात, नाहीतर फाटकाबाहेरच्या टपरीवर पाच रुपयांची पुडी घेतात. कोणाच्या दप्तरात डबा नसतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला हवे काय?

कोल्हापूर म्हणजे दुधाचा जिल्हा, पहिलवानांचा जिल्हा, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा जिल्हा. ही कीर्ती खोटी नाही. पण ती कोणाच्या ताटातली आहे, हा प्रश्न विचारला की माणसे गप्प होतात. भुदरगड तालुक्यात वेदगंगेच्या काठची शेते उसाने हिरवीगार दिसतात. तो ऊस कोणाच्या सातबाऱ्यावर आहे आणि त्यात भांगलण कोण करते, हे पाहिले की गावाची उतरंड कळते. वर पाटगावच्या बाजूला डोंगरात धनगरवाडे आहेत. तिथल्या मुलांची निम्मी ताकद शाळेच्या वाटेवरच खर्च होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे १३ टक्के. बौद्धवाड्यात, मातंग वस्तीत ज्या घरी एखादी म्हैस आहे, तिथलेही दूध सकाळी डेअरीला जाते, दहा दिवसांनी त्याचे बिल येते आणि त्यातून दुकानदाराची उधारी भागते. घरात उरते ते चहापुरते. वाडीवरची मुलगी सकाळच्या एसटीने गारगोटीला येते ती चहा-बटर खाऊन. दुपारी डब्यात चपाती-चटणी, असली तर बटाट्याची भाजी. रात्री भात आणि पातळ आमटी, तीही बाप आणि भाऊ जेवल्यानंतर. हे शेवटचे वाक्य आपल्याही घरांना लागू आहे; त्याचा दोष मनुवाद्यांवर ढकलून मोकळे होता येणार नाही.

दहा ते एकोणीस ही वर्षे शरीराच्या दृष्टीने साधी नाहीत. मोठेपणी माणसाची जी उंची असते तिचा १५ ते २० टक्के भाग, वजनाचा जवळपास निम्मा भाग आणि हाडांच्या घडणीचा ४० टक्क्यांहून अधिक भाग याच वर्षांत तयार होतो. पाच वर्षांखालचे मूल कुपोषित राहिले तर त्याची भरपाई करण्याची थोडीफार संधी निसर्ग पुन्हा देतो, ती याच वयात. मुलींना पाळी सुरू होते, दर महिन्याला रक्त जाते, म्हणून लोहाची गरज वाढते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह आणि ४३ ग्रॅम प्रथिने हवीत. चहा-बटर, चपाती-चटणी आणि पातळ आमटीत यातले किती बसते, याचा हिशेब कोणत्याही अंगणवाडी ताईला विचारा. आणि नेमके याच वर्षी, गरज सर्वांत मोठी असताना, सरकार ताट काढून घेते.

त्यातली क्रूर विसंगती तर पाहा. २०१३ च्या सुमारास देशभर शाळांतून लोहाची गोळी द्यायला सुरुवात झाली. आठवड्यातून एक निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. योजना चांगली आहे, आम्ही तिच्या विरोधात नाही. पण ही गोळी जेवल्यावर घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, पोटात कळ येते. आठवीपर्यंतच्या मुलीला खिचडी खाऊन गोळी मिळते. नववीच्या मुलीला गोळी आहे, जेवण नाही! मग ती गोळी कंपासपेटीत राहते किंवा खिडकीबाहेर जाते आणि मुली गोळ्या खात नाहीत, त्यांच्यात जागृती नाही, असा अहवाल वर जातो. घरी जाऊन चहाबरोबर घेतली तर चहा ते लोह अंगी लागू देत नाही, हेही त्यांना कोणी धड सांगत नाही.

आता आकडे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५४.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत तो ५९.१ टक्के झाला. मुलांमध्ये २९.२ वरून ३१.१. 'विकास' होत असताना पोरींच्या अंगातले रक्त कमी झाले! यावर काही तज्ज्ञांनी मोजण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. बोटाला सुई टोचून काढलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजले की आकडा फुगतो, शिरेतले रक्त घेतले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. २०१६ ते २०१८ या काळात केंद्राच्या आरोग्य खात्याने युनिसेफबरोबर जी राष्ट्रीय पोषण पाहणी केली, तिच्यात शिरेतलेच रक्त घेतले होते. तिथेही १० ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या, मुलगे १८ टक्के. आणि या वयाची २४ टक्के मुले वयाच्या मानाने हडकुळी. ५९ म्हणा की ४० म्हणा, कमीत कमी आकडा धरला तरी दर पाच मुलींत दोघी. वाद घालायला आकडा मिळाला म्हणून पोरीच्या डोळ्यापुढची अंधारी जात नाही.

मोजमापाची आणखी एक गोम आहे. कुटुंब आरोग्य पाहणी पाच वर्षांखालच्या मुलांचे वजन-उंची घेते आणि मग थेट पंधराव्या वर्षावर उडी मारते. सहा ते चौदा वयाची मुले तिच्या तराजूवर चढतच नाहीत. जिल्हानिहाय पत्रकात जातीनुसार आकडे नसतात. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बौद्ध, मातंग, चर्मकार, धनगर घरातल्या तेरा वर्षांच्या मुलीची उंची किती, हा प्रश्न त्या पाहणीला पडलेलाच नाही. ज्याची मोजदाद नाही त्याचा जाब कोण देणार? देशपातळीवर मात्र पाच वर्षांखालच्या मुलांचे जातवार आकडे छापले जातात आणि ते बोलके आहेत. पाचव्या पाहणीत खुंटलेल्या वाढीची मुले आदिवासींत सुमारे ४१ टक्के, अनुसूचित जातींत ३९ टक्के, तर 'इतर' या गटात, म्हणजे बहुतांशी उच्चवर्णीयांत, ३० टक्क्यांच्या आसपास. हीच मुले पुढे कुमारवयात येतात.

गरिबी आहे म्हणून असे होते, जातीचा काय संबंध, असे विचारणारे विद्वान आजही आहेत. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५-१६ ची आकडेवारी घेऊन याचा शोध घेतला. ज्या भागात अस्पृश्यता पाळत असल्याचे लोक स्वतःच जास्त प्रमाणात कबूल करतात, त्या भागात दलित-आदिवासी मुलांची उंची अधिक खालावलेली त्यांना आढळली. २०११-१२ च्या एका देशव्यापी पाहणीत २७ टक्के कुटुंबांनी आपण कोणत्या ना कोणत्या रूपाने अस्पृश्यता पाळतो असे तोंडाने सांगितले होते. जात केवळ मनात राहत नाही, ती हाडांत उतरते, हा त्याचा अर्थ.

बाबासाहेबांनी हे १९३६ साली लिहून ठेवले आहे. 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीगत दिली. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्या जातभाईंना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले. पंगत बसली असतानाच सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले, जेवणाऱ्यांना झोडपले. तूप यजमानाने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले होते. गुन्हा एवढाच, की अस्पृश्याच्या ताटात तूप दिसले. ताटात काय असावे हे जात ठरवते, हे बाबासाहेबांनी इतक्या स्पष्टपणे दाखवले असताना आपण पोषणाचा प्रश्न डॉक्टरांवर सोडून देतो, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

लाठ्या आता शासन निर्णयाच्या रूपाने येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जे खात नाहीत त्यांना केळे. आठवड्याला एक, म्हणजे अगदी हातचे राखूनच. तेही काहींच्या डोळ्यांत सलले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठी वेगळा पैसा देण्याचे बंद केले. हवे असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावे असे सांगितले. भुदरगडच्या वाडीतला मुख्याध्यापक लोकवर्गणी कोणाकडे मागणार? ज्याच्या पोराला अंडे हवे त्याच्या खिशात वर्गणी नाही आणि ज्याच्या खिशात आहे त्याचे पोर गावच्या शाळेत नाही. त्याआधी २०१५ मध्ये बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली आणि गरिबाच्या आवाक्यातले सर्वांत स्वस्त मांस गेले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी. त्याचा आधार घेऊन आज विकत घेतलेल्या मांसावर बंदी घालणाऱ्यांना टाळ्या देणारे काही आपल्यातही निघतात, हे दुर्दैव. मांसातले लोह डाळ-भाजीतल्या लोहापेक्षा अंगी चांगले लागते, ही शरीरशास्त्राची गोष्ट आहे, धर्माची नव्हे.

रेशनचे पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. दिवसाला पडतात १६६ ग्रॅम, तांदूळ आणि गहू. या कायद्यात डाळीचा हक्क नाही, तेलाचा नाही. पोट भरते, रक्त भरत नाही. सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आठवी ते दहावीच्या मागासवर्गीय मुलींना जी शिष्यवृत्ती दिली जाते ती वर्षानुवर्षे महिन्याला १०० रुपयेच होती. रोजचे तीन-साडेतीन रुपये. त्यात एक अंडे येत नाही. सावित्रीमाईंचे नाव घ्यायचे आणि तिच्या लेकीच्या हातावर अर्धे अंडे ठेवायचे!

हिवाळ्यात बिदरीच्या आणि आसपासच्या साखर कारखान्यांसाठी बीड-मराठवाड्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांतली बारा-चौदा वर्षांची मुलगी इथे धाकट्याला सांभाळते आणि वाढे गोळा करते. तिचे नाव गावच्या शाळेत, ती इथल्या फडात, म्हणून तिच्या वाट्याला आठवीपर्यंतचे ताटही नाही. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते, असे पाचवी पाहणी सांगते. रक्तक्षयी मुलगी सतराव्या वर्षी आई होते आणि कमी वजनाचे मूल जन्माला घालते. पुढची पिढीही तिथूनच सुरू होते.

आमच्या चळवळीचा शिक्षणाचा इतिहास फळ्यापासून सुरू झालेला नाही, तो चुलीपासून सुरू झाला, हे आज पुन्हा सांगावे लागते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात बोर्डिंगे काढली, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे केले. बोर्डिंग म्हणजे आधी दोन वेळचे जेवण, मग अभ्यास. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याआधीच महाराजांना हे उमगले होते. कर्मवीर भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवत आणि त्यांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. लंडनमध्ये शिकताना पापडाचे चार तुकडे आणि बोव्हरिलच्या कपावर रात्र काढलेल्या या माणसाला उपाशी पोटी पुस्तक वाचणे म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको होते.

गारगोटीचाही यात वाटा आहे. जे. पी. नाईकांनी १९४७ मध्ये इथे मौनी विद्यापीठ उभे केले. खेड्यातल्या पोराला खेड्यातच चांगले शिक्षण मिळावे ही त्यामागची कल्पना. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. शाळेत नाव घातलेली मुले मध्येच गळतात कशी, हा त्यांच्या आयुष्यभराच्या चिंतेचा विषय होता. आज आठवीपर्यंत बऱ्यापैकी टिकलेली पटसंख्या नववी-दहावीत ढासळते, तेव्हा नाईकांच्या कर्मभूमीत तरी ताटाचा आणि गळतीचा संबंध कोणी तपासायला नको का?

'पैसा कुठून आणायचा?' हे उत्तर ठरलेले आहे. गारगोटीहून निघून मुदाळ तिट्ट्यावरून निपाणीचा रस्ता धरा. दीड-दोन तासांच्या आत आपण कर्नाटकात पोहोचतो. तीच मराठी, तोच ऊस, तंबाखूची शेती आणि तीच गरिबी. पण तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळेतले नववी-दहावीचे मूल दुपारी शाळेत जेवते आणि २०२३ पासून त्यालाही अंडे मिळू लागले. तामिळनाडूने तर १९८४ सालीच दहावीपर्यंतच्या मुलांना पंगतीत घेतले. महाराष्ट्र या राज्यांपेक्षा गरीब आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने समोर यावे. आपल्याकडेही ही योजना आपसूक आलेली नाही. १९९५ साली ती सुरू झाली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे. शिजवलेले जेवण द्या असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो २८ नोव्हेंबर २००१ ला आणि सहावी ते आठवी त्यात आली २००८ पर्यंत. प्रत्येक पायरी कोणीतरी भांडून चढली आहे. स्वयंपाकासाठी दलित-आदिवासी स्त्रियांना प्राधान्य द्या, असेही न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. तरी डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे जेवायला सवर्ण मुलांनी नकार दिलाच.

जगात इतरत्र काय चालले आहे तेही पाहू. मेक्सिको हा मक्याची भाकर खाणारा देश; तिथेही मूळनिवासी घरातली मुले बुटकी आणि गोऱ्या-मिश्र वर्गातली उंच, असा भेद शतकानुशतके आहे. तिथल्या सरकारने १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' ही योजना आणली. पैसे थेट आईच्या हातात आणि शाळेतली इयत्ता वाढली की रक्कम वाढे. माध्यमिक शाळेत तर मुलीला मुलापेक्षा जास्त. योजनेने नावे बदलली, २०१९ मध्ये ती बंदही झाली. पण मूल मोठे होते तसा खर्च वाढतो, हे त्यांनी मान्य केले होते. आपल्याकडे इयत्ता वाढली की ताट जाते. मेक्सिकोकडून धोक्याची घंटाही घ्यावी. पोषणाच्या जागी तिथे बाटलीतले गोड पाणी आणि पुडीतले खाणे घुसले. २०१८ च्या त्यांच्या राष्ट्रीय पाहणीत १२ ते १९ वयाच्या दर दहा जणांत जवळपास चौघांचे वजन प्रमाणाबाहेर होते. लहानपणी खुंटलेली मुले तारुण्यात स्थूल आणि मधुमेही होतात, हा अनुभव त्यांनी घेतला. २०१४ मध्ये त्यांनी शीतपेयांवर लिटरला एक पेसो कर लावला आणि मार्च २०२५ पासून शाळांत असले पदार्थ विकायला बंदी केली. आपल्या २०१६-१८ च्या पाहणीतही दर दहा कुमारवयीनांत एकाच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती. शाळेच्या फाटकाबाहेरची ती पाच रुपयांची पुडी म्हणूनच आम्हाला किरकोळ वाटत नाही.

१४ एप्रिलला गावोगाव हजारोंच्या पंगती बसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. वसतिगृहाच्या जागा, शिष्यवृत्तीचे हप्ते, स्वाधारचे पैसे यांसाठी आपली पोरे रस्त्यावर येतात, तेही योग्यच. पण स्वाधार दहावीनंतर सुरू होते आणि खिचडी आठवीला संपते. मधली दोन वर्षे कोणाच्याच मागणीपत्रात नाहीत. दहावीपर्यंत शिजवलेले जेवण आणि अंड्यासाठी सरकारचा स्वतंत्र निधी, या दोन मागण्या तालुक्या-तालुक्यातून एकाच भाषेत गेल्या पाहिजेत.

त्यासाठी हातात कागद हवा आणि तो मिळवता येतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आरोग्य पथकाने सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा यायचे असते. मुलांचे वजन, उंची, रक्तक्षयाची लक्षणे यांची नोंद त्यात होते. भुदरगडच्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात तालुक्याच्या पथकाकडे नववी-दहावीच्या मुला-मुलींचे आकडे मागावेत: नावे नकोत, फक्त शाळानिहाय संख्या, किती हडकुळी, किती रक्तक्षयी, किती जणांना पुढे रुग्णालयात पाठवले आणि त्यातले किती प्रत्यक्ष पोहोचले. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दुसरा अर्ज टाकावा: आठवीच्या पटावरची किती मुले दहावीच्या परीक्षेला बसली, प्रवर्गनिहाय. दोन्ही कागद शेजारी ठेवून ते गावच्या ग्रामसभेत वाचावेत. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते; दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही.